स्कॅनवरचा ठिपका नेमका कशाचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचा विषय : गाठीतली एन्झाइम, म्हणजे विकरं, शरीर न उघडता (किंवा उघडल्यावर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच) कशी दिसतात. रुग्णांचे नातेवाईक, विद्यार्थी, शिक्षक अशा सगळ्यांचे प्रश्न आले. उत्तरं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. चित्रात जे उजळतं ती गाठ नसते, एका एन्झाइमची खूण असते. ती खूण कशी उमटली हे कळलं, तर रिपोर्टमधले निम्मे गोंधळ सुटतात.

प्रश्न : वडिलांना (वय ६८, मधुमेह) पेट स्कॅनसाठी उपाशी पोटी नेलं. तिथे साखर २४० निघाली म्हणून परत पाठवलं. इन्सुलिन देऊन तासाभरात स्कॅन करता आला नसता का? आणि इंजेक्शननंतर बोलूसुद्धा नका, असं का सांगतात? — वाचक, सातारा

उत्तर : परत पाठवलं ते योग्यच झालं. लांबून येऊन रिकाम्या हाती परतायचा त्रास मोठा आहे हे मान्य. पण त्या दिवशी स्कॅन झाला असता, तर कदाचित चुकीचा रिपोर्ट हातात आला असता.

या स्कॅनमध्ये शिरेतून जे देतात ते एफडीजी (फ्लोरोडीऑक्सिग्लुकोज). हा ग्लुकोजचाच जुळा भाऊ. फरक एवढाच की दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवलेला असतो. पेशी त्याला साखर समजून आत घेते. आत हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेट चढवतं. साखरेचं पचन इथून पुढे सरकतं, एफडीजीचं मात्र सरकत नाही, कारण पुढच्या एन्झाइमला नेमका तो काढलेला हायड्रॉक्सिल गट हवा असतो. फॉस्फेट लागल्यामुळे बाहेर पडायची वाटही बंद. म्हणजे रेणू पेशीत अडकला. बऱ्याच कर्करोगाच्या पेशींत साखर आत ओढणारी दारं आणि हेक्सोकायनेज दोन्ही भरपूर असतात, म्हणून तासाभरात तिथे एफडीजीचा साठा होतो आणि ठिपका उजळतो.

आता २४० साखरेकडे येऊ. रक्तातलं साधं ग्लुकोजही त्याच दारातून आत जातं आणि त्याच हेक्सोकायनेजपुढे रांग लावतं. गर्दी वाढली की एफडीजीला जागा कमी मिळते आणि गाठ फिकट दिसते. म्हणून बहुतेक केंद्रं २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा पाळतात.

इन्सुलिन टोचून लगेच स्कॅन केला तर याहून वाईट होतं. इन्सुलिनमुळे स्नायूंची आणि हृदयाची साखरेची दारं उघडतात आणि एफडीजी सगळं तिकडे जातं. चित्रात दंड, मांड्या, छाती झगझगीत आणि गाठ जेमतेम. जलद काम करणारं इन्सुलिन कातडीखाली दिलं, तर एफडीजी देण्याआधी किमान चार तास थांबावं लागतं. पण औषधालाही घड्याळ असतं. फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. सकाळी ९ वाजता ३७० मेगाबेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) असलेला डोस दुपारी १ वाजता सुमारे ८१ वर आलेला असतो. तो तुमच्यासाठी राखून ठेवता येत नाही.

पुढच्या वेळी असं करा. तारीख घेतानाच मधुमेह आहे, कोणत्या गोळ्या, कोणतं इन्सुलिन, किती वाजता, हे सगळं सांगा. इन्सुलिनवरच्या रुग्णाला बऱ्याचदा उशिराची वेळ देतात : पहाटे हलकी न्याहारी आणि नेहमीचं इन्सुलिन, मग चार तास काही नाही, मग स्कॅन. बाकीच्यांनी सहा तास उपाशी राहायचं. साधं पाणी भरपूर चालतं. बिनसाखरेचा म्हणून दुधाचा चहा नको, कारण दुधातही साखर असते. मेटफॉर्मिनमुळे आतडं उजळतं आणि पोटातली गाठ त्यात लपू शकते. पोटाचाच प्रश्न असेल तर ती ४८ तास आधी थांबवतात, पण ते डॉक्टरांना विचारून. ग्लुकोजचं सलाईन चालू असेल तर तेही आधी सांगा. आदल्या दिवशी शेतात कष्टाचं काम, व्यायाम, लांब चालणं टाळा.

बोलायचं नाही, कारण बोलताना स्वरयंत्राचे स्नायू काम करतात, साखर खेचतात आणि घशात खोटा ठिपका उमटतो. चघळण्यामुळे जबड्याचे स्नायू उजळतात. सुपारी-तंबाखूची सवय असलेल्यांनी त्या सकाळी ती कटाक्षाने टाळावी. थंडी वाजली तर मानेतली आणि खांद्याजवळची तपकिरी चरबी उष्णता निर्माण करायला लागते आणि तीही उजळते, म्हणून शाल बरोबर न्या. इंजेक्शननंतर साधारण ६० मिनिटं शांत पडून राहायचं आणि स्कॅनच्या आधी लघवी करून यायची. साधी साखर मूत्रपिंड परत शोषून घेतं, एफडीजी तितकंसं नाही. त्यामुळे ते लघवीत उतरतं आणि भरलेलं मूत्राशय ओटीपोटातलं बाकी सगळं झाकून टाकतं.

रिपोर्टमधला 'एसयूव्ही' हा आकडा समजून घ्या. सत्तर किलोच्या माणसाला ३५० मेगाबेकरेल दिले आणि ते अंगभर सारखे पसरले, तर प्रत्येक ग्रॅमला ५ किलोबेकरेल येतील. तो झाला एसयूव्ही १. एखाद्या ठिपक्यात ४० सापडले तर एसयूव्ही ८. या भागाकारात दिलेला डोस पूर्ण शिरेत गेला असं गृहीत धरलेलं असतं. सुई सरकून थोडं औषध कातडीखाली राहिलं तर आकडा खोटा कमी येतो. केमोथेरपीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघायचा असेल, तर यंत्र तेच हवं आणि इंजेक्शन ते स्कॅन हा वेळही दोन्ही वेळा जवळपास तेवढाच. एकदा ६० मिनिटांनी आणि एकदा ९५ मिनिटांनी केलेल्या स्कॅनचे आकडे शेजारीशेजारी मांडू नयेत.

प्रश्न : काकूंच्या छातीतल्या लसिकाग्रंथी पेटमध्ये ९ एसयूव्हीने उजळल्या. रिपोर्ट म्हणतो, 'क्षयरोग किंवा लिम्फोमा, बायोप्सी करावी.' मग एवढा महागडा स्कॅन करून मिळालं काय? — वाचक, लातूर

उत्तर : लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. पण हेक्सोकायनेज ही कर्करोगाची मक्तेदारी नाही. क्षयाच्या गाठीत जमलेल्या मॅक्रोफेज पेशी जंतूंशी झुंजताना साखर अशाच खेचतात. 'अडीचच्या वर म्हणजे कॅन्सर' हा जो हिशेब सांगितला जातो तो क्षय घरोघरी असलेल्या आपल्या भागात चालत नाही. क्षयाची गाठ ९ काय, १५ ही दाखवू शकते. रिपोर्ट लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

मिळालं ते असं : सुई कुठे घालायची हे कळलं. छातीत खोल असलेल्या ग्रंथीऐवजी मानेत किंवा काखेत एखादी उजळलेली ग्रंथी असेल तर तिथून नमुना सोपा आणि सुरक्षित. गाठीचा मधला भाग काळा आणि कडा उजळ दिसत असेल तर तुकडा कडेचा घ्यायला हवा, मधे मेलेली ऊतीच हाती लागते. एक गोष्ट आधी सांगून ठेवा, कारण इथे हमखास चूक होते : सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी आणि एक साध्या सलाईनमध्ये क्षयाच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) आणि जीनएक्सपर्ट या जंतूंच्या जनुकीय चाचणीसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाची करणार?

उलट बाजूही आहे. यकृताच्या काही कर्करोगांत ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे एन्झाइम शाबूत असतं. हेक्सोकायनेजने चढवलेलं फॉस्फेट ते काढून टाकतं, एफडीजी बाहेर निसटतं आणि गाठ असूनही दिसत नाही. ठिपका नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही ते यामुळे. किरणोपचारानंतर सूज उजळत राहते, म्हणून साधारण तीन महिने थांबून मग स्कॅन करणं बरं.

प्रश्न : प्रोस्टेटच्या पीएसएमए स्कॅनमध्ये पीएसएमए हे स्वतःच एन्झाइम आहे असं वाचलं. मग तोही एन्झाइमच्या कामाचा स्कॅन का? — फार्मसीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : एन्झाइम आहे हे खरं, कामाचा स्कॅन नव्हे. पीएसएमए, म्हणजे प्रोस्टेट-स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन, याचंच एन्झाइम म्हणून नाव ग्लुटामेट कार्बॉक्सिपेप्टिडेज-२. त्याच्या खाचेत जस्ताचे दोन आयन असतात आणि टोकाचं ग्लुटामेट कापणं हे त्याचं काम. आतड्यात हेच एन्झाइम अन्नातल्या फोलेटची ग्लुटामेटची शेपटी तोडतं. स्कॅनसाठीचा रेणू ग्लुटामेट आणि लायसिन यांच्यामध्ये युरियाचा सांधा घालून केलेला असतो. एन्झाइमला तो ओळखीचा वाटतो, तो खाचेत घट्ट बसतो, पण युरियाचा सांधा तुटत नाही. कुलपात किल्ली मोडून राहावी तसा. एका एन्झाइमला एक रेणू. चित्रात कुलपं किती ते कळतं, ती चालतात की नाही ते कळत नाही. हेक्सोकायनेजचं तसं नाही. तिथे एकच एन्झाइम एकामागून एक रेणू अडकवत जातं, म्हणजे काम मोजलं जातं.

जर्मनीत हायडेलबर्गला तयार झालेला आणि २०१८ पासून गाजलेला एफएपीआय स्कॅनही याच कुळातला. त्यात कर्करोगाच्या आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या) पेशींवरचं एन्झाइम रोधकाने, म्हणजे त्याला अडवणाऱ्या रेणूने, पकडतात. त्यासाठी साखरेचं पथ्य लागत नाही.

नावातल्या 'प्रोस्टेट-स्पेसिफिक' वर जाऊ नका. लाळग्रंथी आणि मूत्रपिंडं नेहमीच उजळतात. पोटातल्या मज्जातंतूंच्या गुच्छांना तर नवखा डोळा लसिकाग्रंथी समजतो. बरगडीतला एकुलता एक फिकट ठिपका पुष्कळदा जुन्या फ्रॅक्चरचा निघतो.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात कॅथेप्सिनने कापल्यावर चमकणारा प्रोब वापरतोय. आधी पेशींच्या अर्कात, मग उंदरात. अर्कात सिग्नल जवळजवळ शून्य येतो, आणि ज्या एका उंदरावर चाचणी झाली त्याचं पोट गाठीपेक्षा जास्त चमकतं. कुठे चुकतंय? — विद्यार्थी, पुणे

उत्तर : दोन्ही लक्षणं ओळखीची आहेत. बाकीच्या वाचकांसाठी : प्रथिनं कापणारी एन्झाइम म्हणजे प्रोटिएज, कॅथेप्सिन त्यातलंच. प्रोब म्हणजे त्याचा माग काढणारा रेणू, आणि एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो सब्स्ट्रेट.

आधी अर्क. पेशी फोडायच्या बफरमध्ये सवयीने प्रोटिएज रोधकांचं कॉकटेल घातलंय का ते पाहा. वेस्टर्न ब्लॉटसाठी ते लागतं, तुमच्या कामात ते विष आहे. त्यातलं ल्युपेप्टिन आणि ई-६४ नेमकं कॅथेप्सिनच बंद करतं. एसडीएस असलेलं बफरही नको, प्रथिनाची घडी मोडते. ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० पुरतं.

दुसरी चूक पीएचची. कॅथेप्सिन लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या आम्लाच्या पिशव्यांत राहतात, त्यांना आम्ल लागतं. पीबीएसमध्ये ७.४ ला कॅथेप्सिन एल थोड्याच वेळात निकामी होतं. १०० मिलिमोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ५.५, १ मिलिमोलर ईडीटीए असं बफर करा. त्यात डीटीटी २ ते ५ मिलिमोलर, त्याच दिवशी विरघळवलेलं. या एन्झाइमच्या खाचेत सिस्टीनचा गंधक असतो, तो ऑक्सिडाइझ झाला की काम बंद. डीटीटी घातल्यावर ३७ अंशाला दहा मिनिटं ठेवा आणि मगच सब्स्ट्रेट घाला.

स्वतःचा प्रोब तपासण्याआधी बाजारात मिळणाऱ्या साध्या सब्स्ट्रेटवर पद्धत बसवा. झेड-फेनिलॲलनिन-आर्जिनिन-एएमसी घ्या, कापल्यावर त्यातला एएमसी सुटून चमकतो. डीएमएसओमध्ये १० मिलिमोलरचा साठा, विहिरीत अंतिम १० ते २० मायक्रोमोलर, डीएमएसओ एक टक्क्याच्या आत. काळी ९६ विहिरींची प्लेट, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर, अर्कातलं प्रथिन ५ ते १० मायक्रोग्रॅम. ३६० ते ३८० नॅनोमीटरने उत्तेजित करा, ४४० ते ४६० ला वाचा, दर मिनिटाला एक वाचन, अर्धा तास. सुरुवातीची सरळ रेषा तेवढी घ्या. दहा टक्क्यांहून जास्त सब्स्ट्रेट संपला की रेषा वाकते आणि त्यापुढचा उतार वेग सांगत नाही. मुक्त एएमसीची मानक रेषा काढाच, नाहीतर यंत्रातले नुसते आकडे दोन दिवसांत ताडता येत नाहीत. ही मानक रेषा सब्स्ट्रेट घातलेल्या बफरमध्ये काढली तर आणखी एक गोष्ट पकडता येते : जास्त सब्स्ट्रेट स्वतःच प्रकाश गिळतो आणि एन्झाइम मंद झाल्याचा भास होतो.

प्रत्येक नमुन्याच्या तीन विहिरी ठेवा : नुसता, ई-६४ (१० मायक्रोमोलर) घातलेला आणि मुख्यतः कॅथेप्सिन बी ला रोखणारं सीए-०७४ (१ मायक्रोमोलर) घातलेला. पहिल्यातून दुसरा वजा केला की सिस्टीन गटातल्या कॅथेप्सिनचा वाटा कळतो. पहिल्यातून तिसरा वजा केला की मुख्यतः कॅथेप्सिन बी चा. ई-६४ घालूनही सिग्नल उरत असेल, तर तो भलत्याच प्रोटिएजचा आहे.

हे सगळं जमलं तरी अर्काचं एक बंधन राहतंच. पेशी फोडली की लायसोसोममधलं कॅथेप्सिन आणि बाहेरचं त्याचं नैसर्गिक रोधक सिस्टॅटिन एकत्र मिसळतात. जिवंत पेशीत हे दोघं वेगवेगळ्या खोल्यांत होते. म्हणून अर्कातला आकडा आणि प्राण्यातलं चित्र जुळलं नाही, तर लगेच प्रयोगाला दोष देऊ नका.

आता उंदीर. पोट चमकण्याचं पहिलं कारण खाणं. उंदरांच्या नेहमीच्या खाद्यात लसूणघास असतो. त्यातलं क्लोरोफिल लाल प्रकाश घेऊन ६७० नॅनोमीटरच्या पुढे चमकतं, नेमकं साय-५ सारख्या लाल रंगद्रव्याच्या पट्ट्यात. आठवडाभर लसूणघास नसलेलं शुद्ध घटकांचं खाद्य द्या आणि प्रोब देण्याआधीचं कोरं चित्र प्रत्येक उंदराचं काढून ठेवा. दुसरं कारण विल्हेवाट. लहान पेप्टाइड मूत्रपिंडातून, चिकट रंगद्रव्यं यकृत आणि पित्तातून आतड्यात जातात. ही दोन्ही ठिकाणं कायम उजळणारच. गाठ मांडीवर किंवा खांद्यावर वाढवली तर त्यांच्यापासून लांब राहते.

याआधीची एक चाचणी तुम्ही केली नसावी असं प्रश्नावरून वाटतं. न कापलेला प्रोब उंदराच्या प्लाझ्मात ३७ अंशाला चार तास ठेवा. दोन रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून विझलेली असतील, तर अल्ब्युमिन त्यांना सोडवतं आणि कोणतंही एन्झाइम नसताना प्रोब चमकायला लागतो. प्लाझ्मात चमकला तर पुढे जाऊ नका, विझवणारा घटक बदला. पूर्ण कापल्यावर चमक किमान दहापट वाढत नसेल, तरीही तो प्राण्यात नेण्यात अर्थ नाही.

आणि नियंत्रणं. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे काहीही टोचलं तरी गाठीत थोडं साचतंच. 'गाठ चमकली, म्हणजे एन्झाइम काम करतंय' हे वाक्य लिहिण्याआधी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, तोच प्रोब, पण कापायच्या जागी डी-अमिनो आम्लं, म्हणजे कापता न येणारा : तो चमकू नये. दोन, रोधक आधी दिलेला गट : चमक कमी व्हावी. तीन, कायम चमकणारं दुसऱ्या रंगाचं द्रव्य त्याच सांगाड्यावर : दोन्ही गटांत गाठीपर्यंत माल सारखाच पोहोचला हे त्यावरून कळतं. दोन रंगांचं गुणोत्तर काढलं की वाहतूक वजा होते आणि काम उरतं. बोस्टनमध्ये वाइसलेडर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रोटिएजने उजळणारे प्रोब उंदरांत दाखवले, तेव्हापासून या क्षेत्रातला वाद बहुतेक वेळा या नियंत्रणांवरूनच होतो.

एकच उंदीर म्हणजे निष्कर्ष नाही. गटाची संख्या आधी ठरवा, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीत रोधकाचा गटही धरलेला आहे ना ते बघा, आणि शेवटी गाठ काढून गोठवलेल्या छेदावर चमक कुठल्या पेशीत आहे ते पाहा. बऱ्याचदा ती कर्करोगाच्या पेशीत नसून मॅक्रोफेजमध्ये सापडते.

प्रश्न : भावाच्या मेंदूतली गाठ काढताना आधी काहीतरी औषध पाजणार आणि निळ्या दिव्याखाली गाठ लाल दिसेल असं सांगितलं. नंतर दोन दिवस अंधारात ठेवणार. हे काय आहे? — वाचक, नाशिक

उत्तर : औषधाचं नाव ५-एएलए. इथली गंमत अशी की ठिपका उजळतो तो एन्झाइम मंद असल्यामुळे.

५-एएलए हा रेणू आपलं शरीर स्वतः बनवतं. त्यापासून पायरीपायरीने रक्तातला हीम तयार होतो. शेवटून दुसरा टप्पा प्रोटोपॉर्फिरिन-९, आणि शेवटी फेरोकिलेटेज हे एन्झाइम त्यात लोह बसवतं. लोह बसलं की चमक जाते. उग्र ग्लायोमामध्ये (मेंदूच्या आधारपेशींच्या गाठीत) ही शेवटची पायरी अडखळते, वरून बाहेरचं ५-एएलए भरपूर मिळालं की प्रोटोपॉर्फिरिन साचतं, आणि ४०० नॅनोमीटरच्या आसपासच्या जांभळट-निळ्या प्रकाशात ६३५ नॅनोमीटरचा लाल रंग देतं.

मात्रा वजनावर : २० मिलिग्रॅम प्रति किलो, भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी. दीड ग्रॅमची कुपी ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४० मिलिलिटर. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर वेळेचं गणित बिघडतं. सर्जन सूक्ष्मदर्शकाचा पांढरा आणि निळा प्रकाश आलटूनपालटून वापरतात. गाठीचा गाभा गडद लाल, पसरलेली कड फिकट गुलाबी, निरोगी मेंदू निळा. रक्ताचा पातळ थर आला तरी लाल झाकलं जातं, म्हणून पुन्हापुन्हा धुवावं लागतं. घडीखाली लपलेला भाग दिसत नाही आणि गाभ्यातली मेलेली ऊतीही चमकत नाही. जर्मनीतल्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण या पद्धतीने ६५ टक्के, नेहमीच्या प्रकाशात ३६ टक्के होतं. सहा महिने गाठ न वाढलेले रुग्ण ४१ विरुद्ध २१ टक्के. एकूण आयुर्मानात मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही माहीत असावं. आणि बोलण्याच्या किंवा हालचालीच्या केंद्राजवळ लाल दिसलं तरी सर्जन ते सोडून देतात, ते बरोबरच असतं.

अंधार कशासाठी? तेच प्रोटोपॉर्फिरिन कातडीतही काही काळ असतं आणि उन्हात कातडी भाजते. ४८ तास ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे. खोलीतला मंद दिवा चालतो. डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील तर आधीच सांगा. घरात कुणाला पॉर्फिरिया (हीम बनवण्याच्या पायऱ्यांतला आनुवंशिक दोष) असेल तर ते सांगणं सगळ्यात महत्त्वाचं, त्या आजारात हे औषध देत नाहीत.

प्रश्न : स्तनातली गाठ काढल्यावर उरलेला कॅन्सर 'चमकवणारं' इंजेक्शन अमेरिकेत निघालं म्हणे. ते किती भरवशाचं? — वाचक, ठाणे

उत्तर : पेगुलिसियानिन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये मान्यता दिली. पुण्याच्या विद्यार्थ्याला वर जे सांगितलं तेच इथे माणसात : एका टोकाला रंगद्रव्य, दुसऱ्या टोकाला त्याला विझवणारा घटक, मधला पेप्टाइडचा दुवा कॅथेप्सिन आणि इतर प्रोटिएज कापतात. १ मिलिग्रॅम प्रति किलो, तीन मिनिटांत शिरेतून, प्रतिमा घेण्याच्या दोन ते सहा तास आधी. गाठ काढून झाल्यावर पोकळीच्या भिंतींना कॅमेऱ्याचं टोक लावून पाहतात आणि चमकलेल्या जागेची आणखी एक चकती काढतात.

३५७ स्त्रियांच्या चाचणीत ७.६ टक्के जणींमध्ये नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेला कर्करोग यामुळे सापडला. संवेदनशीलता मात्र ४९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जिथे कर्करोग उरला होता त्यातल्या साधारण निम्म्या जागा चमकल्याच नाहीत. 'चमकलं नाही, म्हणजे साफ' असं यातून म्हणता येत नाही. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट लागतोच. तीव्र ॲलर्जीचा धोका असल्याने औषधावर सर्वांत कडक इशारा छापलेला आहे. लसिकाग्रंथी शोधण्यासाठीचा निळा रंग प्रतिमेच्या आधी टोचला तर चित्र बिघडतं, तो क्रम पाळावा लागतो. नंतर लघवीला निळी छटा येते, घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : किरणोत्सार अजिबात नको असेल तर एमआरआयवर एन्झाइमचं काम दिसू शकेल का? — भौतिकशास्त्राचे शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : दिसतं, पण दोन मिनिटांपुरतं. अजून ते संशोधनापुरतंच आहे.

पायरुव्हेटमधल्या एका कार्बनच्या जागी कार्बन-१३ घालतात. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम पायरुव्हेटचं लॅक्टेट करतं आणि कार्बन-१३ चा सिग्नल १७१ वरून १८३ पीपीएमवर (वारंवारतेतला दहा लाखांत इतका फरक) सरकतो. दोन शिखरं वेगळी दिसतात, म्हणजे रूपांतर थेट मोजता येतं. पेटमध्ये हे जमत नाही. तिथे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन फ्लोरीन कुठे आहे ते सांगतो, रेणू बदलला का ते सांगत नाही.

अडचण सिग्नलची. तीन टेस्लाच्या यंत्रात शरीराच्या तापमानाला कार्बन-१३ ची केंद्रकं दहा लाखांत दोन-तीन इतकीच एका दिशेला जास्त झुकलेली असतात. म्हणून पायरुव्हिक आम्लात मुक्त इलेक्ट्रॉन असलेलं रॅडिकल मिसळून ते सुमारे १ केल्विनला गोठवतात आणि मायक्रोवेव्हने इलेक्ट्रॉनचं ध्रुवीकरण, म्हणजे एका दिशेला झुकणं, कार्बनकडे पोहोचवतात. याला दोन-तीन तास लागतात. मग अतितप्त पाण्याने झटक्यात विरघळवून, रॅडिकल गाळून, अल्कलीने उदासीन करून, पीएच आणि तापमान तपासून सिरिंज भरतात. या पद्धतीने सिग्नल दहा हजारपटींहून जास्त वाढतो हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. माणसातली पहिली चाचणी सॅन फ्रान्सिस्कोत प्रोस्टेटच्या ३१ रुग्णांवर झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले.

आता घड्याळ. द्रावणात ध्रुवीकरण साधारण मिनिटाला एक-तृतीयांशाच्या थोडं वर उरतं, शरीरात त्याहून लवकर जातं. डोस ०.४३ मिलिलिटर प्रति किलो, २५० मिलिमोलर, सेकंदाला ५ मिलिलिटर वेगाने. सत्तर किलोच्या माणसाला ३० मिलिलिटर सहा सेकंदांत. गुणवत्ता तपासणीत अर्धं मिनिट जास्त गेलं तर चित्र फिकं. शिवाय प्रत्येक रेडिओ स्पंद काही चुंबकन कायमचं खर्च करतो, ते परत भरून येत नाही. म्हणून पायरुव्हेटला लहान कोनाचा स्पंद आणि मागून तयार होणाऱ्या लॅक्टेटला मोठ्या कोनाचा, अशी काटकसर करावी लागते. कार्बनची वारंवारता तीन टेस्लाला ३२ मेगाहर्ट्झ, हायड्रोजनची १२८. त्यामुळे नेहमीच्या यंत्राला वेगळी कॉइल आणि वेगळा ॲम्प्लिफायर लागतो.

मिळणारा वेगाचा आकडा म्हणजे निव्वळ एन्झाइमचा वेग असं मात्र मुलांना सांगू नका. पायरुव्हेट पेशीत नेणारा एमसीटी-१ हा वाहक हळू असेल तर सगळी साखळी तिथेच अडते. पेशीत आधीच लॅक्टेट भरपूर असेल तर लेबलची अदलाबदल जोरात होते, निव्वळ नवं लॅक्टेट फारसं तयार न होताही. एन्झाइमला लागणारा सहायक रेणू एनएडीएच कमी असेल तर एन्झाइम हजर असूनही थांबलेलं असतं. वर्गात फळ्यावर तीन खोके काढा : रक्तातलं पायरुव्हेट, पेशीतलं पायरुव्हेट, पेशीतलं लॅक्टेट. मधल्या दोन बाणांवर वेगवेगळे वेग लिहा आणि मुलांना विचारा, पहिला बाण निम्मा केला तर शेवटच्या खोक्याचा आलेख कसा दिसेल. मग दुसरा बाण निम्मा करून तोच आलेख पुन्हा काढायला सांगा. दोन्ही आलेख इतके सारखे येतात की नुसत्या लॅक्टेटच्या चित्रावरून कुठला बाण मंद झाला ते ओळखता येत नाही.